ऐकलेल्या गोष्टी आणि लिहिलेल्या कादंबऱ्या

कथाकार-कादंबरीकारांना मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो: लहानपणी काय वाचलंत? उत्तरंही बहुधा ठरलेली असतात. कुणी आजीच्या गोष्टी सांगतो, कुणी वडिलांचं पुस्तकांचं कपाट, कुणी गावातलं सार्वजनिक वाचनालय, तर कुणी दर महिन्याला वाट पाहायला लावणारा 'चांदोबा'. या उत्तरांत खोटं काही नसतं, पण त्यांनी प्रश्न सुटत नाही. आजीच्या गोष्टी ऐकत झोपी गेलेली मुलं लाखोंनी असतात, 'चांदोबा'चे वाचकही लाखोंनी होते, आणि त्यांतले कथाकार झाले ते मूठभर. तेव्हा बालपणीचं वाचन लेखक घडवतं असं ढोबळ विधान करण्यात अर्थ नाही. शोधायचं ते हे की जो लेखक होतो त्याच्यात या गोष्टींतलं नेमकं काय उरतं आणि ते केव्हा वर येतं. त्यांतले विषय उरतात, त्यांतली तात्पर्यं उरतात, की आणखी काही? उपलब्ध पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर माझ्या मते उत्तर असं निघतं: विषय फारसे उरत नाहीत, तात्पर्यं तर जवळजवळ नाहीच. उरते ती सांगण्याची रीत आणि गोष्टीत कोणाला जागा मिळते याची समज. आणि तीही आपोआप कामाला येत नाही. पुढे केव्हातरी दुसरं एखादं वाचन किंवा एखादा अनुभव येऊन तिला जागं करावं लागतं.

विषय उरत नाहीत हे पाहायला प्रेमचंदांइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. 'मेरी पहली रचना' या लेखात त्यांनी आपल्या पोरवयातल्या वाचनाचा हिशेब दिला आहे. वय तेराच्या आसपास, मुक्काम गोरखपूर. बुद्धिलाल नावाच्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात हा मुलगा जाऊन बसायचा. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने एक तोड काढली. दुकानातली शालेय पुस्तकांची गाइडं शाळेतल्या मुलांना विकून द्यायची आणि त्या बदल्यात कादंबऱ्या घरी नेऊन वाचायच्या. अशा रीतीने शरर, सरशार, रुसवा हे उर्दू कादंबरीकार, उर्दूत आलेला इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स, पुराणांचे उर्दू अनुवाद आणि 'तिलिस्म-ए-होशरुबा' या उर्दू दास्तानचे जाडजूड खंड त्याने पालथे घातले. तिलिस्म म्हणजे जादूगार, अय्यार, मायानगरी आणि कधी न संपणारी युद्धं. या सगळ्यातून जो लेखक निघाला त्याने कर्जात बुडालेला शेतकरी होरी लिहिला. 'गोदान'मध्ये (१९३६) जादूचा मागमूस नाही. त्याच दास्तान-परंपरेच्या पोटातून देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' निघाली, तिच्यात मात्र अय्यार आणि तिलिस्म दोन्ही ठाण मांडून आहेत. बी एकच, पिकं दोन. मग प्रेमचंदांना त्या खंडांतून काही मिळालंच नाही असं म्हणायचं का? तसं म्हणता येत नाही. शेकडो पानं वाचकाला सोबत घेऊन चालण्याची ताकद, एका कथानकातून दुसऱ्यात शिरून पुन्हा अचूक परतण्याची हातोटी, ऐकणाऱ्याला सुखदुःखात ओढून घेणारी ऐसपैस सांगणी हे किस्सागोचं सामान आहे. प्रेमचंदांनी ते शेतकऱ्याच्या अंगणात आणून लावलं. त्यातही एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. इतकं अद्भुत वाचलेल्या या मुलाने पहिलं जे लिहिलं ते आपल्याच घरातल्या एका मामांच्या फजितीवर होतं. विषय हाताशी असतोच; पुस्तकांनी दिलं ते तो गोष्ट म्हणून मांडता येतो हे भान.

मराठीतही याच्या जवळचं उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढणाऱ्या मुलापुढे 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या होत्या आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतलेल्या अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी होत्या. इंग्रजी येणाऱ्याच्या हाती रेनॉल्ड्सही पडत होता. १८६४ साली जन्मलेले हरि नारायण आपटे याच काळातले. त्यांच्या पहिल्या कादंबरीवर, 'मधली स्थिती'वर (१८८५), रेनॉल्ड्सची छाया उघड दिसते. पण पाचेक वर्षांतच ते 'पण लक्षात कोण घेतो?' लिहू लागले आणि तिथे रेनॉल्ड्स कुठल्या कुठे गेला. नायिका यमू स्वतः बोलते, पोरवयापासूनची हकीकत सांगत जाते, माजघरातल्या भाषेत. त्या काळच्या छापील कादंबरीने असा आवाज त्यांना दिलेला नव्हता. तो घराघरातल्या बायकांच्या बोलण्यात होता. छापील पुस्तकाने कादंबरी लिहायची हौस दिली आणि कानांनी साठवलेल्या बोलीने ती कादंबरी खरी केली, असा माझा कौल आहे.

सांगण्याची रीत म्हणजे काय हे आपल्याकडच्या श्रावणातल्या कहाण्यांत फार स्वच्छ दिसतं. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. एक राजा आहे, त्याला शंकराचा गाभारा दुधाने भरायचा आहे, म्हणून तो गावातलं सगळं दूध देवळात आणायचा हुकूम सोडतो. घरात पोरांना, गोठ्यात वासरांना थेंब ठेवायचा नाही. गाव धाकाने दूध आणून ओततं, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरातल्या मुलाबाळांना, वासरांना पोटभर देऊन उरलेलं खुलभर दूध घेऊन येते, आणि ते ओतताच गाभारा भरतो. हातात अक्षता घेऊन ही कहाणी ऐकणाऱ्या मुलाला व्रत, त्याचा विधी, त्याचं फळ पुढे आठवेलच असं नाही. पण कथनाचे काही धडे त्याच्या अंगात मुरलेले असतात. राजाला नाव नाही, म्हातारीला नाव नाही, नगर केवळ 'आटपाट'. वर्णनात वेळ घालवलेला नाही. वाक्यं आखूड, क्रियापदावर भर देणारी. गाभारा का भरला नाही आणि मग का भरला याचा खुलासा येतो तो पात्राच्या तोंडून, चमत्कार घडून गेल्यावर. आणि मुख्य म्हणजे सांगणारीचा आवाज चमत्काराच्या जागी चढत नाही. दूध ओतलं आणि गाभारा भरला ही दोन्ही वाक्यं ती एकाच सुरात सांगते. अद्भुत आणि रोजचं यांच्यात तिच्या आवाजापुरता भेदच नसतो.

हाच सूर गाब्रिएल गार्सिया मार्केसने कोलंबियातल्या आराकाताकाच्या घरात ऐकला होता. आजीआजोबांच्या घरी वाढलेल्या या मुलाला आजोबांनी, म्हणजे कर्नल निकोलास मार्केस यांनी, यादवी युद्धाच्या हकिकती सांगितल्या आणि आजीने, त्रांकिलिनाने, भुताखेतांच्या, शकुनांच्या, मेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. चेहऱ्यावरची रेषही न हलवता, जणू बाजारभाव सांगावा तशा. 'शंभर वर्षांचं एकाकीपण' या कादंबरीचं रहस्य काय, असं विचारलं की तो आजीच्या या चेहऱ्याकडे बोट दाखवी. ही हकीकत इतकी प्रसिद्ध आहे की तिचा दुसरा अर्धा भाग बहुतेक वेळा गळतो, आणि माझ्या दृष्टीने तो अर्धा भागच निर्णायक आहे. आजीच्या गोष्टी ऐकून मार्केस लगेच तशा लिहू लागला नाही. बोगोटात कायद्याचा विद्यार्थी असताना काफ्काची 'रूपांतर' ही कथा त्याच्या हाती पडली. एक माणूस सकाळी उठतो तो किडा होऊन, आणि लेखक ते अगदी साधेपणाने सांगतो, हे वाचून त्याच्या ध्यानात आलं की असं लिहिण्याची मुभा आहे; आपली आजी असंच तर बोलायची. १९४७ साली त्याची पहिली कथा छापून आली. कादंबरी आली १९६७ साली. मधली वीस वर्षं तो पत्रकारिता करत होता, फॉकनर आणि हेमिंग्वे वाचत होता, आणि दुसऱ्या तऱ्हेची पुस्तकं लिहीत होता. आजीचा आवाज त्याच्याकडे सगळा वेळ होता, त्याचा उपयोग करता येत नव्हता. बालपणीच्या गोष्टी लेखक घडवतात असं म्हणताना ही वीस वर्षं वगळून चालत नाही.

यावर एक रास्त हरकत निघते. हे सगळे पुरावे लेखकांनीच मोठेपणी दिलेले आहेत. माणूस यशस्वी झाला की आपल्या आयुष्याची गोष्ट तो मागून रचतो, आणि गोष्टी रचणं हाच ज्याचा धंदा त्याच्या साक्षीवर किती भरवसा ठेवायचा? सार्त्रने 'शब्द' या आत्मचरित्रात (१९६४) स्वतःच्या बालपणातल्या लेखकपणाची अशी चिरफाड केली आहे की वाचकाने इतरांच्या गोड आठवणींकडेही सावधपणे पाहावं. आजोबांच्या ग्रंथालयातले थोर ग्रंथ आपण मोठ्यांच्या कौतुकासाठी चाळत होतो, खरी गोडी साहसकथांच्या चित्रमासिकांची होती, आणि आपल्या पहिल्या 'कादंबऱ्या' म्हणजे त्यांतून केलेली उचलेगिरी होती, हे तो कबूल करतो. ही हरकत मी मान्य करतो, आणि म्हणून मोठेपणीच्या आठवणीपेक्षा लहानपणीच्या वहीला अधिक मोल द्यावं असं मला वाटतं. अशा वह्या क्वचित टिकतात, पण जिथे टिकल्या आहेत तिथे त्या स्पष्ट बोलतात.

ब्राँटी भावंडांच्या वह्या टिकल्या आहेत. १८२६ साली वडिलांनी लीड्सहून मुलगा ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. शार्लट तेव्हा दहा वर्षांची, ॲन सहाची. चौघांनी एकेक शिपाई आपला म्हणून घेतला, त्याला नाव दिलं आणि त्यांचं राज्य वसवलं. घरात 'ब्लॅकवुड्स' हे मोठ्यांचं मासिक येत असे. मुलांनी आपल्या शिपायांसाठी त्याचीच नक्कल करून मासिकं काढली. काडेपेटीएवढी पुस्तकं, शिपायाच्या हातात शोभतील अशी, उरल्यासुरल्या कागदांचे तुकडे शिवून केलेली, छापल्यासारख्या बारीक अक्षरांत लिहिलेली. भिंगाशिवाय आज ती वाचता येत नाहीत. त्यांत मासिकाचं सगळं आहे: कथा, कविता, परीक्षणं, संपादकाला पत्रं, एवढंच काय जाहिरातीही. इथे आठवणीचा घोळ नाही, तारखेनिशी कागद समोर आहे. या मुलांनी वाचनातून काय उचललं हे तो कागद दाखवतो. मासिकाचा बाज त्यांनी उचलला. वेगवेगळी नावं घेऊन वेगवेगळ्या आवाजांत लिहिणं, एकाने दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढणं, सांगणाऱ्याच्या शब्दावर वाचकाने पुरता विश्वास ठेवू नये अशी मांडणी करणं, हे त्या मुलींना दहाव्या-बाराव्या वर्षी येत होतं. पुढे एमिलीने 'वुदरिंग हाइट्स' लिहिली तेव्हा लॉकवुड आणि नेली डीन या दोन निवेदकांच्या ओंजळीतून ती गोष्ट वाचकापर्यंत पोचवली. इंग्रजी कादंबरीत हा मोठा प्रयोग मानला जातो. त्याचा सराव स्वयंपाकघरातल्या टेबलावर किती आधीपासून चालला होता हे त्या चिमुकल्या मासिकांकडे पाहिल्यावर समजतं.

शार्लटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, ती माझ्या मुद्द्याच्या अगदी जवळची आहे. बालपणापासून रचलेल्या अँग्रिया राज्यात ती विशीपर्यंत रमली होती. १८३९च्या सुमारास तिने त्याचा रीतसर निरोप घेतला. त्या तापलेल्या प्रदेशातून बाहेर पडून आता फिकट उजेडाच्या जगाकडे जायला हवं, अशा अर्थाचं टिपण तिने लिहून ठेवलं. आठ वर्षांनी 'जेन एअर' आली. तीत अँग्रिया नाही, आहे एक दरिद्री गव्हर्नेस. पण तिच्या मालकाच्या, रॉचेस्टरच्या, अंगात अँग्रियाचा नायक झामोर्ना शिरलेला आहे, हे त्या वह्या वाचणाऱ्या अभ्यासकांनी केव्हाच ओळखलं. आणि पहिल्याच प्रकरणात खिडकीच्या पडद्याआड पक्ष्यांवरचं ब्युइकचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली पोर आहे; ब्युइकचं पुस्तक ब्राँटींच्या घरात होतं. तिथेच बेसी ही मोलकरीण मुलांना जुन्या परीकथा सांगते त्याचाही उल्लेख आहे. छापील पुस्तक आणि तोंडी गोष्ट शार्लटने एकाच प्रकरणात शेजारी-शेजारी ठेवली आहेत. बालपणाचं जग टाकून दिल्यावरच तिला ते वापरता आलं.

ग्रॅहम ग्रीन मात्र याच्या नेमकं उलट सांगतो आणि त्याच्या मताला बगल देता येणार नाही. 'हरवलेलं बालपण' या निबंधात त्याचं म्हणणं असं की पुस्तकांचा खोल परिणाम होतो तो फक्त लहानपणी. मोठेपणी आपण पुस्तकं वाचतो ती करमणुकीसाठी किंवा आधीच असलेली मतं पक्की करण्यासाठी. चौदाव्या वर्षी त्याच्या हाती मार्जरी बोवेनची 'मिलानचा विषारी साप' ही ऐतिहासिक कादंबरी पडली, त्याने बोवेनच्या नकला करून वह्या भरल्या, आणि दुष्टपणा जगात सुखाने वावरतो हा आपल्या सगळ्या लेखनाचा साचा तिथे मिळाला, असं तो मानतो. 'ब्रायटन रॉक' (१९३८) वाचली की त्यात तथ्य दिसतं. पण ग्रीन स्वतःच सांगतो की ती कादंबरी पटली, कारण शाळेत जो छळ त्याच्या वाट्याला आला होता त्याचं रूप तिने दाखवलं. म्हणजे इथेही एकटं पुस्तक पुरेसं नव्हतं. आधी घडलेलं काही त्याला भिडलं तेव्हा त्याचा ठसा उमटला. मार्केसच्या बाबतीत गोष्ट आधी आणि पुस्तक नंतर, ग्रीनच्या बाबतीत अनुभव आधी आणि पुस्तक नंतर. आधी आलेलं निराळं, पण दोन गोष्टींची टक्कर दोन्हीकडे आहे. मोठेपणीचं वाचन केवळ करमणूक असतं हे ग्रीनचं विधान काफ्का वाचणाऱ्या त्या विद्यार्थ्यापुढे टिकत नाही.

आता या विषयाची जी बाजू मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते तिच्याकडे येतो. लहानपणीची पुस्तकं गोष्टीत कोणाला जागा असते हेही शिकवतात, आणि पुष्कळदा चुकीचं शिकवतात. चिमामांडा न्गोझी अडिची नायजेरियातल्या एन्सुक्का विद्यापीठाच्या आवारात वाढली. वाचायला मिळत होती ती इंग्लंड-अमेरिकेतली मुलांची पुस्तकं. सातव्या वर्षी ती लिहू लागली तेव्हा तिची पात्रं गोरी, निळ्या डोळ्यांची होती, बर्फात खेळायची, सफरचंदं खायची आणि आज सूर्य निघाला म्हणून आनंदायची. नायजेरियात सूर्य निघण्याचं कौतुक कुणाला? २००९ सालच्या व्याख्यानात तिने हे सांगितलं ते श्रोत्यांना हसवत, पण त्यातलं दुखणं खरं आहे. पुस्तकात असतात ती माणसं आपल्यासारखी नसतात, हा नियमच तिने वाचनातून शिकला होता. चिनुआ अचेबेने आदल्या पिढीत याचंच दुसरं रूप अनुभवलं: आफ्रिकेतल्या साहसकथा वाचताना तो गोऱ्या माणसांच्या बाजूने आणि 'रानटी' लोकांच्या विरुद्ध असायचा, कारण पुस्तकाने बाजू आधीच ठरवून दिली होती. तो भानावर आला इबादानच्या महाविद्यालयात, जॉइस कॅरी आणि कॉनराड मोठ्या वयात वाचताना. आई आणि थोरल्या बहिणीने इग्बो भाषेत सांगितलेल्या गोष्टी त्याच्याकडे होत्याच. त्या दोन्हींच्या संघर्षातून 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) उभी राहिली, आणि मग ती वाचून अडिचीला कळलं की आपल्यासारख्या मुलीही पुस्तकात राहू शकतात. बालपणीचं वाचन लेखकाला भांडण्यासाठीही काहीतरी देतं, हे या दोघांवरून समजतं.

ज्यांच्या लहानपणी पुस्तकच नव्हतं त्यांचं काय, ही हरकत आपल्याकडे तर फारच नेटाने घ्यायला हवी. अण्णा भाऊ साठे (जन्म १९२०) यांना वाटेगावच्या शाळेत नावापुरताच पाय टाकता आला. अक्षरओळख झाली ती मुंबईत आल्यावर, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत. म्हणून त्यांना बालपणीच्या कथांचा वारसा नव्हता असं जो म्हणेल त्याने कथा म्हणजे छापील कागद असं गृहीत धरलेलं असतं. तमाशा, पोवाडा, आणि वारणाकाठी सांगितल्या जाणाऱ्या फकिराच्या हकिकती ही त्यांची शाळा. पुढे कामगार चळवळीत वाचन आलं, गॉर्की आला. 'फकिरा' (१९५९) या दोहोंच्या भेटीतून झाली: बोलण्याचा झपाटा पोवाड्याचा, आणि मांग समाजातल्या माणसाला कादंबरीचा नायक करण्याची निःशंक हिंमत आंबेडकरी आणि डाव्या विचारांतून आलेली. गॉर्कीचं स्वतःचंही असंच होतं. आजीने लोककथा दिल्या, आणि व्होल्गावरच्या बोटीतल्या स्मूरी नावाच्या आचाऱ्याने पुस्तकं दिली. पुस्तकांविना लेखक होता येतं असं यावरून म्हणता येणार नाही, पण गोष्टीविना झाल्याचं उदाहरण मला दिसत नाही. मराठीतली ग्रामीण कथा ज्या पिढीने उभी केली तिच्यातले व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी साठच्या दशकात गावोगाव कथाकथन केलं, तेव्हा त्यांच्या छापील कथा श्रोत्यांपुढे सहज उभ्या राहिल्या. त्या मुळात ऐकणाऱ्याला समोर बसवूनच लिहिलेल्या होत्या.

एवढं पाहिल्यावर मुलांच्या वाचनाबद्दल आपल्याकडे जो आग्रह चालतो त्याविषयी बोललंच पाहिजे. मुलाला गोष्ट द्यायची ती संस्कारासाठी, तिच्या शेवटी बोध हवा, असं पालक आणि शाळा धरून चालतात. साने गुरुजींचं नाव यासाठी नेहमी पुढे केलं जातं. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि तिच्यात बोध भरपूर आहे हे खरंच. पण पुस्तकाची रचना पाहा: प्रकरणांना 'रात्री' म्हटलं आहे. आश्रमातली मित्रमंडळी रोज रात्री जमतात आणि श्याम सांगतो. पालगडच्या घरातल्या आठवणी तो पोथी सांगितल्यासारख्या, उद्यासाठी काही शिल्लक ठेवत सांगतो. पिढ्यांमागून पिढ्यांना ते पुस्तक धरून ठेवतं ते या सांगण्यामुळे. बोध तेवढाच असलेली दुसरी पुस्तकं कधीच विस्मरणात गेली. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'मधल्या (१९७५) 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांत वाट चालणारा माणूस, वाटेतले परके, भविष्य सांगणारे असा लोककथेचा सगळा सांगाडा आहे, पण लोककथेचं तात्पर्य तिथे नाही. नियती माणसाला शहाणपणाचं फळ देईल याची हमी काढून टाकल्यावरही तो सांगाडा उभा राहतो आणि अधिक भयकारी होतो. याच लेखकाने मुलांसाठी 'बखर बिम्मची' लिहिली आणि तीत बिम्मला काही शिकवण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

मराठीपुरता हा अभ्यास पुढे न्यायचा तर साधनं अगदीच नाहीत असं नाही. १९०६ साली वा. गो. आपटे यांनी सुरू केलेलं 'आनंद', १९५२पासून मराठीत येऊ लागलेला 'चांदोबा', भा. रा. भागवतांचं 'बालमित्र', १९७१ सालापासूनचं बालभारतीचं 'किशोर' यांनी तीन-चार पिढ्यांचे कान आणि डोळे घडवले. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने वाचकांना खुले केले आहेत. ते अंक आणि त्यांच्यावर वाढलेल्या कथाकारांची पुस्तकं शेजारी ठेवून वाचली पाहिजेत: कोणत्या कथेत निवेदक कसा बोलतो, कोणत्या घरातली मुलं नायक होतात, कोणाची घरं चित्रांत येतच नाहीत. आणि आज इंग्रजी माध्यमात शिकणारं, घरात मराठी बोलणारं मूल पहिली गोष्ट लिहिताना आपल्या नायकाला काय नाव देतं, त्याला कुठल्या हवेत फिरायला पाठवतं, हे शिक्षकांनी त्या वह्या जपून ठेवून पाहावं. अडिचीच्या सातव्या वर्षातली सफरचंदं आपल्याकडेही असतील.